आईच्या मजुरीचा रकाना

नागपूरला दादाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेखालची ताकद परत येईल असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सगळे कागद माझ्या हातात दिले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी एकटीच, म्हणून फाइलही माझीच. यवतमाळचं कोर्ट तोवर मी बसच्या खिडकीतूनच पाहिलं होतं.

दादा 26 वर्षांचा. दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवायचा. काम आटोपून मोटरसायकलवर येताना आर्णीच्या अलीकडे, नागपूर-तुळजापूर महामार्गावर टेम्पोनं मागून उडवलं. दवाखान्याच्या गेटवरच एक माणूस भेटला. "ताई, क्लेम मी टाकून देतो. आधी एक पैसा नको, मिळाल्यावर पंचवीस टक्के." मला तो देवमाणूसच वाटला. गावच्या पोलीस पाटलांना सांगितलं तर ते भडकले. निकालाच्या रकमेत वाटा ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं मनाई आहे, मग हा कोण? "आधी जिल्हा कोर्टात जा, विधी सेवा प्राधिकरण विचार," ते म्हणाले.

विचारलं. साध्या कागदावर अर्ज घेतला. 1987 च्या कायद्यानुसार बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. दादा दिव्यांग हे डोळ्यांना दिसत होतं, पण कागद नव्हता. प्रमाणपत्रासाठी डॉक्टर म्हणत होते, थांबा, परिस्थिती स्थिर होऊ द्या. आणि दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा! एका टेबलावर थांबा, दुसऱ्या टेबलावर घाई करा. मी तिथल्या बाकावर डोकं धरून बसले.

गाठ सोडवली ती आम्हाला मिळालेल्या वकील मॅडमनी. वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर महाराष्ट्रात कुणालाही ही मदत मिळते. तेवढ्या शपथपत्रावर आमचं काम झालं. दावा डिस्चार्ज कार्डावर दाखल करायचा, प्रमाणपत्र पुराव्याच्या वेळी जोडायचं. सहा महिन्यांची मुदत 1 एप्रिल 2022 पासून परत आलीय. तिच्याविरुद्धचा वाद सुप्रीम कोर्टात गेलाय, पण वादाच्या भरवशावर बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. त्याच तारखेपासून पोलिसांवरही बंधन आहे: अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत, सविस्तर अहवाल 90 दिवसांत अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. हे कळल्यावर मी ठाण्यात जरा ताठ मानेनं बोलायला लागले.

न्यायाधिकरण म्हणजे वेगळी इमारत असेल म्हणून मी आवारभर पाटी शोधत फिरले. शेवटी शिपायानं जिल्हा न्यायाधीशांचंच दालन दाखवलं. खुनाचे खटले चालवणारे साहेबच अपघाताचे दावे ऐकतात.

प्रमाणपत्र आलं, 80 टक्के. मी मनातल्या मनात सगळ्या रकमेचे शंभरातले ऐंशी करून टाकले. मॅडमनी विचारलं, "दादा ट्रॅक्टर चालवू शकतो?" नाही. "फवारणी, डवरणी, ओझं?" नाही. "मग कमाई किती टक्के गेली?" 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय: शरीराचे टक्के वेगळे, कमाईचे वेगळे, आणि भरपाई कमाईच्या नुकसानीवर. त्यांनी माझ्याच वहीत हिशेब मांडला. महिना 12,000 धरा. चाळिशीच्या आतला म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवा, 16,800. वर्षाचे 2,01,600. सव्वीस वर्षांच्या माणसाला गुणक 17. झाले 34,27,200. ऐंशी टक्क्यांनी धरलं असतं तर 27,41,760. पावणेसात लाखांहून जास्त फरक, आणि तो एका प्रश्नावर अवलंबून.

मग रकाना आला परिचारकाच्या खर्चाचा. मी लिहिलं, "नाही. आई करते." मॅडमनी पेन खाली ठेवलं. रात्री कूस कोण बदलतं? दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी कोण घालतं? आई कापूस वेचायला जायची, ती मजुरी कुठे गेली?

घरी येऊन आईला विचारलं तर ती उखडली. "लेकराचं करतो मी, त्याचे पैसे कायले मागाचे? लोकं काय म्हणतीन?"

मॅडमनी मला काजल विरुद्ध जगदीश चंद हा 2020 चा निकाल समजावला. बारा वर्षांची मुलगी, मेंदूला मार, कायमची परावलंबी. सुप्रीम कोर्टानं तिच्यासाठी दोन परिचारक धरले, प्रत्येकी महिना 5,000, त्याचे वर्षाचे करून 18 नं गुणले: 21,60,000. एकूण भरपाई 62,27,000. मुंबईचे एक ज्येष्ठ वकील अपघातात कमरेखाली लुळे झाले, त्यांच्या हट्टंगडी खटल्यात 1995 मध्येच कोर्टानं सांगितलं होतं की दवाखान्याच्या बिलांपलीकडे वेदनेची आणि हुकलेल्या आयुष्याचीही भरपाई असते.

कोर्टाच्या व्हरांड्यात वणीकडच्या एक ताई भेटायच्या. त्यांचा नवरा चालतो, बोलतो, चहाही मागतो. पण डोक्याला मार लागल्यापासून सकाळचं दुपारी आठवत नाही आणि क्षणात अंगावर धावतो. जखम दिसत नाही, त्यामुळे नातेवाईकही म्हणतात, नाटकं करतो. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत डोक्याच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही; मागे जे अपंगत्व उरतं त्याच्या नावानं प्रमाणपत्र मागावं लागतं. नवऱ्याचं बँक खातं बंद पडलेलं. मॅडमनी त्यांना मर्यादित पालकत्वाची वाट दाखवली. याच कायद्याचं 14 वं कलम. माणूस कोमात असेल तर हायकोर्टात जावं लागतं, म्हणजे आपल्याकडून नागपूर खंडपीठात. मुंबई हायकोर्टानं 2020 मध्ये अशाच एका पत्नीला नवऱ्याची पालक नेमलं होतं.

मध्येच लोकअदालतीत मिटवायचा निरोप आला. आकडा ऐकून घरात सगळ्यांचे डोळे मोठे झाले. तिथे मिटलं की अपील नाही, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या आकड्यात परिचारकाचा एक रुपयाही नव्हता. आम्ही नाही म्हणालो.

पुराव्याच्या दिवशी आई साक्षीला उभी राहिली. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही आई आहात ना? मग मुलाचं करायचे पैसे कसले मागता?"

मला वाटलं, आता ही गप्प बसणार.

"मी करतो तोवर फुकटच हाय, साहेब," आई म्हणाली. "मी खाटेवर पडल्यावर त्याची कूस कोन बदलवंन, त्याचे मागतो."

साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे.