अधिक चिन्हाचा घोटाळा

आमच्या कुलदैवताच्या उत्सवाच्या पावत्या गेलीं कित्येक वर्षें आम्हीं स्वतः रचलेल्या, पीएचपी भाषेंतील एका लहानशा आज्ञावलीनें निघत असत. यंदा पुतण्यानें टुमणें लावलें कीं, ती जावास्क्रिप्टमध्यें उतरवावी, म्हणजे पावती ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीवरच तयार होईल. दोन्ही भाषा १९९५ सालीं लोकांपुढें आलेल्या. तोंडावळाहि बराचसा सारखा. एका संध्याकाळचें काम, असें आम्ही समजलों.

पीएचपींत शब्दास शब्द जोडावयाचा तो टिंबानें, आणि बेरीज करावयाची ती अधिक चिन्हानें. जावास्क्रिप्टमध्यें हीं दोन्ही कामें अधिक चिन्हच करतें. आम्हीं टिंबांच्या जागीं अधिक चिन्हें घातलीं. बेरजेच्या ओळीस मात्र हात लावला नाहीं, कारण तेथें अधिक होतेंच! परंतु पडद्यावरील रकान्यांत भरलेला आंकडा यंत्राच्या लेखीं अंक नसून अक्षरांची माळ असते. पीएचपी अशा दोन माळांमध्यें अधिक चिन्ह दिसतांच त्यांना मुकाट्यानें अंक समजून बेरीज करते. जावास्क्रिप्टनें ५०१ व २५१ शेजारीं शेजारीं मांडून एकूण रक्कम लिहिली : ५०१२५१.

आणि ही पावती गेली नेमकी अक्कांकडे. अक्का आमच्या थोरल्या आत्या. वय ऐंशींच्या पुढें. उत्सवाचे ५०१ व नैवेद्याचे २५१ त्यांनीं स्वतःच्या निवृत्तिवेतनांतून दिले होते.

"अरे, पांच लाख मीं केव्हां दिले? माझ्यामागें हा कागद सांपडला, तर तुम्हां भावाभावांत काय होईल?"

हें बोलणें हंसण्यावारी नेण्याजोगें नव्हतें. रकमा आधीं 'नंबर' या क्रियेंतून काढून मग त्यांची बेरीज घेतली, तेव्हां ७५२ आले.

इतक्यानें अक्कांचें समाधान कोठून होणार! त्यांचें नांव व रक्कम यांमधील अंतर त्यांना भलतेंच वाटलें. वाटेलच. 'अक्का' या शब्दाची लांबी पीएचपी १५ धरी, कारण तिची साधी मोजणी बाइटांची. जावास्क्रिप्ट ५ धरते, कारण अ, क, पाय मोडण्याची खूण, पुन्हा क आणि काना हीं ती निरनिराळीं मोजते. जुनी ४५ ची रुंदी तशीच ठेवल्यामुळें मध्यें दहा रिकाम्या जागा वाढल्या होत्या.

"आम्हांला बालबोधींत हीं दोनच अक्षरें शिकविलीं होतीं," अक्का म्हणाल्या.

आम्हीं ४५ चे ३५ केले. नवी पावती हातीं येतांच अक्कांनीं बोटांवर बेरीज करून पाहिली, आणि मगच ती पोथींत ठेवली.