वुजूचे पाणी आणि विज्ञानाचा तास

हिंजवडीच्या आयटी पार्कमागोमाग वस्ती मारुंजी ओलांडून आमच्या नेऱ्यापर्यंत आली. तिच्यामागून पाण्याचे टँकर आले.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गेल्या मार्चमध्ये विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून सातवीचा त्यांचा तास मला मिळाला. मुलांनी वहीत लिहिले होते, 'पाण्याचा अपव्यय टाळावा.' मी विचारले, "अपव्यय म्हणजे किती?" कोणालाच सांगता येईना. खरे तर मलाही.

मग मोजायचे ठरले. मुतवल्लींना विचारून मुलांनी मशिदीत वुजूच्या नळाखाली बादली ठेवली. मुलींनी घरी मोजले. एक बुजुर्ग नमाजी संतापले, "इबादतीचं माप काढता काय?" त्या रात्री मला झोप लागली नाही. बोभाटा झाला असता तर ही मुले पुन्हा काही मोजायला धजली नसती.

वाट दाखवली एका मुलीच्या दादीने. त्या अजून बधन्यानेच वुजू करतात. मुलीने मोजले, तर पाणी एक लिटरच्या आसपास भरले. मशिदीत नळ सोडून केलेल्या वुजूला बादलीत पाच-सहा लिटर जमत होते. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुद्द म्हणजे साधारण एक भरलेली ओंजळ, लिटरपेक्षा कमीच. मुलांनी हा हिशेब उर्दू आणि मराठीत कागदावर लिहिला आणि अदबीने त्या बुजुर्गांना दाखवला. पुढच्या जुम्याला त्यांनी स्वतःच आपल्या नळाखाली बादली ठेवली.

यात नवे काही नाही. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठी आणि ते शिक्षण गावाच्या उपयोगी पडावे म्हणून. 1993 पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरते. तिच्यात 10 ते 17 वयाची मुले आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन गटाने अभ्यास करतात. आपल्या उर्दू शाळांनी तिथे जायला हवे. प्रयोगशाळा नसेल तर बादली, दोरी आणि वही पुरते.

वुजूचे पाणी वाचवून नेऱ्याचे टँकर थांबणार नाहीत, हे मुलांनाही कळते. आपल्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत मुरते, तेवढेच साठते. वस्ती वाढली, बोअर वाढले, साठा मात्र तेवढाच. म्हणून आता मुले दर रविवारी एका जुन्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी लिहून ठेवतात. कठडा पक्का आहे, आणि कोणीतरी मोठे माणूस सोबत असतेच.

वर्षभराच्या नोंदी झाल्या की त्या ग्रामसभेत वाचायच्या आहेत. "आमचं कोण ऐकणार, मॅडम?" एकाने विचारले. मी म्हटले, "तक्रार ऐकतील की नाही, माहीत नाही. पण तारीखवार आकडे समोर ठेवले, तर उत्तर मागता येतं."

अर्ज कसा लिहायचा, हे मात्र माझ्याच विषयात येते. तो आम्ही लिहायला घेतला आहे.