मोलकरणीचे शंभर गिल्डर

भांडवलदार म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे ढेरी सुटलेले, चिरूट ओढणारे शेटजीच उभे राहतात. पण मंडळी, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अगदी पहिल्या भागधारकांत चक्क एक मोलकरीण होती!

१६०२ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये कंपनीचे भाग निघाले. नावं घालायची वही होती संचालक डिर्क व्हान ऑस यांच्या घरी. महिनाभर बडी बडी मंडळी येऊन आकडे घालून गेली. ३१ ऑगस्टला, म्हणजे शेवटच्या दिवशी, त्याच घरात राबणाऱ्या नेल्टखन कॉर्नेलिसबाईंनी पदर खोचला (तिकडे जे काय खोचत असतील ते!) आणि १०० गिल्डर मांडले. दिवसाला अर्धा गिल्डरसुद्धा न मिळवणारी बाई! मी तिला मनोमन नमस्कार केला.

असं थेंबे थेंबे करत भांडवल झालं ६४ लाख गिल्डरांवर. गलबतं निघाली. १६२१ साली कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान कून जायफळाच्या मक्त्यासाठी बांदा बेटांवर उतरला. तिथली वस्ती पंधराएक हजार. तलवार, उपासमार आणि गुलामगिरी यांतून हजारभर उरली, असा अंदाज आहे. अ‍ॅमस्टरडॅमला पोचलं ते फक्त जायफळ. घरोघर सज्जन भागधारक, आणि दूर बेटावर कत्तल! त्यापेक्षा चिरूटवाल्या शेटजींना शिव्या घालणं किती सोपं होतं!

पुरणात जायफळ किसताना आमची ही बजावते, “बेतानं हं, महाग असतं!”

किती महाग, ते सणावारी सांगवत नाही.