पुसण्याआधी

फरशीवर ओलं दिसलं की हात आपोआप फडक्याकडे जातो. कुत्रा नवा असेल आणि घरात पाहुणे बसलेले असतील तर जरा जास्तच घाईने जातो. नव्याने कुत्रा आणलेल्या माणसांना मी सगळ्यांत आधी सांगते ते हे, की फडकं जरूर घ्या, पण पुसण्याआधी वाकून नीट बघा. कुठे केलंय, किती केलंय, रंग कसा आहे, घड्याळात किती वाजलेत, त्याआधी कुत्रा काय करत होता. बघायला अर्धं मिनिट पुरतं. एकदा पुसलं की ते गेलं.

पुण्यात मी रस्त्यावरची, आई गमावलेली पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते आणि ती ज्यांच्याकडे जातात त्यांच्याकडे पुढेही माझं येणं-जाणं राहतं. बोलावणं येतं ते बहुतेक याच तक्रारीचं. "ताई, तासभर बाहेर फिरवून आणतो आणि घरात आल्याआल्या हॉलमध्ये शू करतो." मी पोचते तेव्हा फरशी लख्ख असते, फिनाईलचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो, आणि कुठे करतो असं विचारलं तर उत्तर मिळतं, "सगळीकडे." सगळीकडे कुठलाच कुत्रा करत नाही. अशा वेळी मी लादी पुसणाऱ्या मावशींना विचारते. एका घरात मावशी हातातली बादली खाली न ठेवताच म्हणाल्या, "सकाळचं असतं बाल्कनीच्या दाराशी. दुपारचं दादांच्या पलंगाखाली, ते वाळलेलं असतं." सगळं त्यात आलं. सकाळी पिल्लू दारापर्यंत पोचत होतं, दार बंद होतं. दुपारी ते लपून करत होतं, म्हणजे त्या वेळी घरात असणारं कुणीतरी त्याला रागावत होतं.

म्हणून माझा एक हट्ट आहे, आणि तो काही घरांत आवडत नाही. ज्याने कुत्रा आणला त्यानेच पुसायचं. कुत्र्याची हौस कॉलेजातल्या मुलाची आणि फडकं आजीच्या नाहीतर मावशींच्या हातात, हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय जो पुसतो त्यालाच वेळा कळतात, जागा कळतात, आणि कुत्र्याला बाहेर कधी न्यायचं हे ठरवणारा माणूसही तोच असायला हवा.

कुत्र्याला स्वच्छता आपण शिकवतो असं म्हटलं जातं. माझ्या मते निम्मी तो घेऊनच येतो. जन्मलेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःहून शू-शीसुद्धा करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा होते, आणि ती लगेच साफ करून टाकते. म्हणून चहाच्या टपरीमागे पोत्यावर व्यायलेल्या कुत्रीची जागा पाहावी, कोरडी असते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पिल्लं धडपडत पोत्याबाहेर जाऊन करायला लागतात. आणि साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात पायाखाली काय लागलं की करायचं, हे ठरत जातं. माती, गवत, खडी, जे असेल ते. अंथरुणापासून दूर जायचं आणि ओळखीच्या स्पर्शावर करायचं, या दोन गोष्टी बहुतेक गावठी पिल्लं आपल्या घरी येतानाच घेऊन येतात. मग आपल्या घरात त्यांना काय मिळतं? गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यांतल्या त्यात गवतासारखं मऊ काही असेल तर ते पायपुसणं, बाथरूमसमोरची मॅट, दिवाणावरून लोंबणारी गोधडी. पिल्लू नेमकं तिथेच जातं, आणि लोक म्हणतात मुद्दाम करतो. पहिले काही आठवडे पायपुसणी, गालिचे, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाका, निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

खरी अडचण येते ती पिंजऱ्यातून आलेल्या पिल्लांची. जिथे झोपायचं तिथेच करायचं, त्यातच खायचं, असं ज्याचं लहानपण गेलं त्याच्यात अंथरूण कोरडं ठेवण्याची ओढ बोथट झालेली असते. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरीही त्याहून लहान पिल्लं लोकांच्या हातात पडलेली मी पाहते, आणि वाईट वाटतं. आईजवळ, भावंडांत जे आपसूक झालं असतं ते माणसांना मग महिनोन् महिने करत बसावं लागतं. अशा पिल्लाच्या माणसांना मी मुदत देत नाही. होतं, पण सावकाश होतं.

आता रागावण्याबद्दल. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी आपटणं, कान धरून जागेवर ओढत नेणं, हे अजूनही सुरू आहे, आणि प्रेमळ माणसंही करतात, कारण त्यांच्या वडिलांनी वाड्यातल्या कुत्र्याला असंच वळण लावलेलं असतं. पण कृती आणि तिचं फळ यांची सांगड कुत्र्याच्या मनात घट्ट बसते ती एक-दोन सेकंदांत. दहा मिनिटांपूर्वीच्या ओल्यावर नाक घासलं तर त्याला कळतं एवढंच, की ओलं आणि हा माणूस एकत्र आले की आपल्याला त्रास होतो. मग तो माणसासमोर करणं टाळतो. सोफ्यामागे, पलंगाखाली जातो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बाहेर पट्ट्याला बांधलेला असतानाही करत नाही, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तोच माणूस उभा असतो. बाहेर तासभर फिरून घरात येऊन करणाऱ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट ही असते.

"पण त्याला कळतं हो, आम्ही आलो की मान खाली घालतो," असं मला ऐकवलं जातं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेचा २००९ मधला प्रयोग मी अशा वेळी आवर्जून सांगते. मालकाने कुत्र्याला खाऊ खाऊ नकोस म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परतल्यावर त्याला कुत्र्याने खाल्लं की नाही हे सांगितलं जाई, पण काही वेळा मुद्दाम चुकीचं. ती अपराधी मुद्रा कुत्र्याने खरंच खाल्लं होतं की नाही यावर ठरत नव्हती, मालक रागावला की नाही यावर ठरत होती. काहीच न खाता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तर ती सर्वांत ठळक होती. खाली घातलेली मान म्हणजे समोरच्याचा राग शांत करण्याची विनवणी. हे एकदा लक्षात आलं की त्या मानेकडे बघून रागावणं माणसाला जमत नाही.

करताना दिसलाच तर आरडाओरडा न करता "चल, चल" म्हणत उचलायचं आणि बाहेर न्यायचं. बाहेर उरलेलं केलं की त्याच जागी, त्याच क्षणी खाऊ द्यायचा. घरी आल्यावर दिलेला खाऊ घरी आल्याचा होतो.

वेळा पिल्लाच्या शरीरानेच ठरवलेल्या असतात. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, दंगामस्ती संपली की. पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, त्यामुळे जेवण ठरलेल्या वेळी दिलं तर शीची वेळही ठरते, आणि दिवसभर वाटीत खाणं पडून असेल तर कशाचाच मेळ राहत नाही. जागेपणी पिल्लू किती वेळ धरू शकतं याचा ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचं तितके तास, फार तर एक जास्त. दोन महिन्यांच्या पिल्लाला सकाळी आठ ते दुपारी एक कोंडून ठेवून कोरड्या फरशीची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या शरीराला जमत नाही ते मागणं. पाणी मात्र कधी तोडू नये. एप्रिल-मे महिन्यात तर मुळीच नाही.

सातव्या-आठव्या मजल्यावर राहणाऱ्यांची पंचाईत मला मान्य आहे. लिफ्ट येईपर्यंत पिल्लाचं होऊन जातं. शिवाय लसी पूर्ण व्हायला साधारण सोळा आठवडे लागतात आणि पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे सोसायटीच्या बागेत उतरवायची भीती असते. अशा वेळी बाल्कनीत माती भरलेला मोठा उथळ ट्रे ठेवावा, वर नर्सरीतल्या हिरवळीचा तुकडा. कुत्र्यांची ये-जा नसलेल्या जागची माती घ्यावी. वर्तमानपत्राची रद्दी मी टाळते. कागदावर करायची सवय लागलेल्या कुत्र्याने पुढे जमिनीवर पडलेल्या पेपरवर केलं तर त्याचं काय चुकलं?

आणि मग पाऊस येतो. जुलैत तीन-तीन दिवस झड लागली की रुळलेले कुत्रेही जिन्याच्या दारात पाय रोवून उभे राहतात. पार्किंगचा आडोसा, माणसाच्या डोक्यावर छत्री, खिशात रोजच्यापेक्षा चांगला खाऊ, एवढं करून थांबायचं. दिवाळीत याहून अवघड. फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याने घरात केलं तर त्या चार दिवसांचं काहीच मनावर घेऊ नये. त्याला अंधार पडायच्या आत फिरवून आणावं आणि रात्री मोरीत किंवा बाल्कनीत करू द्यावं.

पुसण्याचं तंत्र लोकांना वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार साधारण १२ ते ३० कोटी. आपल्याला फिनाईलचा वास आला म्हणजे जागा साफ झाली असं आपल्यापुरतं झालं. त्याला खालचा वास येतोच, आणि ती जागा त्याच्यासाठी शौचालय राहते. फिनाईल तसंही नको, तळव्यांना चुरचुरतं आणि पाय चाटताना पोटात जातं. अमोनिया असलेली क्लीनर नकोत, कारण मूत्रातला युरिया कुजून अमोनियाच होतो. ब्लीच ताज्या मूत्रावर ओतलं तर घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. आधी कोरड्या कपड्याने टिपून घ्यावं, चोळू नये. मग एन्झाइमचा क्लीनर ओतून, बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्यावा, आणि टाइल्सच्या सांध्यांत जास्त, कारण सिमेंट पितं. तो नसेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं, पण शहाबादी, कोटा आणि संगमरवरावर व्हिनेगर टाकू नका. ते सगळे चुनखडीचे भाऊ, आम्लाने त्यांची चकाकी कायमची जाते. गोधडीचं कापड गार पाण्यात भिजवून मग धुवावं आणि कडक उन्हात टाकावं. पावसाळ्यात हातमोजे घालावेत. लेप्टोस्पायरोसिस मूत्रातून पसरतो, माणसालाही होतो; त्याची लस कुत्र्याला मिळते आणि दरवर्षी द्यावी लागते.

सुरुवातीला वाकून बघा म्हटलं, ते मुख्यतः यासाठी की सगळं ओलं सवयीचं नसतं. पाहुणा वाकला, हात डोक्यावर गेला आणि पिल्लाने जागीच थोडं सोडलं, तर ते दबून किंवा आनंदाने सुटलेलं आहे. तिथे प्रशिक्षणाचा संबंध नाही. पाहुण्याने न वाकता, नजर न देता बाजूला बसावं, पिल्लू मोठं होताना ते बहुधा थांबतं. सोफ्याच्या पायावर उभी धार असेल आणि कुत्रा सात-आठ महिन्यांचा नर असेल, तर तो खूण करतो आहे. पुन्हा पुन्हा थेंबथेंब होत असेल, विशेषतः मादीला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग आधी डोक्यात यावा. नर कुत्रा पाय उचलून ताटकळतो आणि थेंबही येत नाही, अशा वेळी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठावा, मार्ग अडला असेल तर जिवावर बेततं. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांनी भरमसाट पाणी पिऊन घरात मोठी तळी करायला लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. वाट बघू नका. आणि कॉफीच्या रंगाचं मूत्र दिसलं तर गोचीड-ताप. आपल्याकडे तो इतका आहे की हा रंग प्रत्येक कुत्रेवाल्याला ओळखता यायलाच हवा. यांतलं एकही फिनाईलच्या बादलीतून दिसत नाही.

म्हातारपणी पुन्हा हे सुरू होतं. दहा-बारा वर्षं घर कोरडं ठेवलेली कुत्री झोपेतून उठते आणि अंथरूण ओलं असतं. ती स्वतःच गोंधळून उठून दूर जाऊन बसते. तिला परत शिकवायला जाऊ नका. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये वयानुसार मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, त्यावर चांगली औषधं आहेत, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं काही नाही ना हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी सकाळची पहिली लघवी लागते. लांब दांड्याची स्टीलची पळी उकळत्या पाण्यातून काढून घ्या, कुत्री बसली की सुरुवातीचं थोडं जाऊ द्या आणि मागून हळूच पळी सरकवा, मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक डबीत ओता, डबीवर वेळ लिहा. दोन तासांत लॅबमध्ये पोचवता आलं तर उत्तम, नाहीतर तोवर फ्रिजमध्ये.