'मस्त'च्या पुढचं काहीतरी

फुलाचा फोटो बघून 'मस्त' म्हणायला किती वेळ लागतो? अर्धा सेकंद. अंगठा दाखवायला त्याहूनही कमी. फुलं मुळातच देखणी असतात, त्यामुळे त्यांच्या फोटोला नावं ठेवणं म्हणजे कुणाच्या तान्ह्या बाळाला नावं ठेवण्यासारखं वाटतं. मग आपण कौतुक करतो गुलाबाचं आणि फोटो काढणाऱ्याला वाटतं, ते आपलंच. गोची नेमकी इथेच आहे, बॉस!

माझे बाबा रिटायर झाल्यावर सेकंडहँड कॅमेरा आणि एक मॅक्रो लेन्स घेऊन गॅलरीतल्या कुंड्यांच्या मागे लागले. सकाळी सातला फॅमिली ग्रुपवर जास्वंद हजर! खाली अंगठे, जोडलेले हात आणि 'वा काका!' एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "सगळेच मस्त म्हणतात गं. म्हणजे कुणी नीट बघितलाच नाही." त्याच आठवड्यात एका मावसभावाने लिहिलं, "काका, अर्धं फूल ब्लर आहे. सरळ डिलीट करा." त्यानंतर महिनाभर जास्वंद ग्रुपवर आली नाही. गॅलरीत मात्र ती रोज फुलत होती.

आता 'ब्लर आहे' ही माहिती झाली, फीडबॅक नाही. क्लोज-अपमध्ये काहीतरी ब्लर असणारच. कॅमेरा जितका जवळ, तितका शार्प येणारा थर पातळ. फुल फ्रेम कॅमेऱ्यात एखादी वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकारात, म्हणजे १:१ उमटते, तेव्हा एफ/११ ठेवूनही हा थर जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करत गेलं, तर डिफ्रॅक्शनमुळे सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. त्यात वाऱ्याची झुळूक आली की संपलंच! त्यामुळे खरा प्रश्न असा, की कुठला भाग शार्प आलाय आणि काढणाऱ्याला तोच हवा होता का?

मी बाबांना तेवढंच विचारलं. "यात तुम्हाला काय दाखवायचं होतं?" ते लगेच म्हणाले, "तो मधला दांडा. त्याच्या टोकावर पाच लाल ठिपके असतात, बघितलेस का कधी?" खरं सांगायचं तर त्या फोटोत ते ठिपके शोधावे लागत होते. पण आता आमच्याकडे बोलायला विषय होता. दांडा सरळ लेन्सकडे रोखलेला असेल, तर टोक आणि पाकळ्या एकाच वेळी शार्प येणं कठीण. तोच दांडा बाजूने घेतला, कॅमेरा त्याला समांतर ठेवला, की बुडापासून टोकापर्यंत सगळा त्या पातळ थरात बसतो. मी म्हटलं, "बाबा, उद्या जरा बाजूने घेऊन बघता का?" बस, एवढंच.

लाल रंगाबद्दलही मला बोलायचं होतं. भडक लाल फुलांत कॅमेऱ्याचा रेड चॅनल पटकन भरून जातो आणि पाकळीवरच्या शिरा गायब होऊन नुसता लाल पत्रा उरतो. एक्स्पोजर थोडं मायनस केलं की शिरा परत दिसतात. पण ते मी पुढच्या रविवारसाठी ठेवलं. एका बैठकीत सात सूचना केल्या, की ऐकणाऱ्याच्या लक्षात फक्त एवढंच राहतं, की आपल्याला काही जमत नाही. माझा साधा फंडा आहे : आधी फोटोतलं काय आवडलं ते नेमकं सांगायचं, मग एक प्रश्न, आणि मग उद्या सकाळी करून बघता येईल अशी एकच गोष्ट.

मुळात दुसऱ्याची नजर लागते कशाला? कारण फोटो काढणाऱ्याला जरा जास्तच माहीत असतं. त्याने सुगंध घेतलेला असतो, कळी उमलायची वाट पाहिलेली असते. बघणाऱ्याच्या हातात असतो फक्त एक चौकोन. चौकोनात खरंच काय उतरलंय, हे बाहेरचा माणूसच सांगू शकतो.

आणि घेणाऱ्याचं काय? माझा एक सोनचाफा आहे, मागे गडद सावली आणि फूल उन्हात. बाबांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे फूल झाडावर आहे की फुलवाल्याच्या टोपलीत?" माझ्या ओठांवर लगेच उत्तर आलं होतं, की काळोख मुद्दामच आहे. ते मी गिळलं, कारण समजावून सांगायला लागलं की ऐकणं बंद होतं. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं. काळोख मला अजूनही आवडत होता, तो ठेवला. पण पुढच्या फोटोत कोपऱ्यात एक पान येऊ दिलं. फीडबॅक म्हणजे काही ऑर्डर नव्हे, त्यातला प्रश्न तेवढा घ्यायचा आणि उत्तर आपलं आपण शोधायचं.

एक सूचना मात्र देण्यापूर्वी दहादा विचार करा, ती म्हणजे 'अजून जवळ जायला हवं होतं'. गॅलरीत ठीक आहे, पण साताऱ्याजवळच्या कास पठारावर? २०१२ मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कासही आहे. तिथली सीतेची आसवं जमिनीलगतच फुलतात. एका फुलाच्या जवळ जाऊन आडवं पडायचं म्हणजे आजूबाजूची पन्नास चिरडायची. अशा फोटोला 'सॉलिड!' म्हणण्याआधी 'तू कुठे उभा होतास?' हेही विचारायला हवं. वाटेवर उभं राहून, फुलाला न दुखवता काढलेला जरा लांबचा फोटो जास्त दाद घेण्याच्या लायकीचा असतो.

तर मंडळी, आज कुणाच्या तरी फुलाचा फोटो तुमच्या फोनवर येईलच. अंगठा दाखवण्याआधी दहा सेकंद थांबा. नजर आधी कुठे गेली, कुठे अडकली, ते बघा आणि तेवढं एका वाक्यात लिहून पाठवा. कुणीतरी नीट बघितलं, हे कळल्यावर माणूस उद्या पुन्हा कॅमेरा उचलतो.