तानसेच्या काठी तीन दिवस

वैशाख लागला की आमच्या भिवंडीत माणसाचे मन घरात ठरत नाही. वर सूर्य तापतो, खाली डांबरी रस्ता तापतो, आणि मागांची खटखट मात्र अहोरात्र चालूच असते. कामवारी नदीचे पात्र या दिवसांत इतके दीन दिसते की तिच्याकडे पाहून थंडावा वाटावा अशी आशाच नको. अशा वेळी ज्यांस महाबळेश्वर किंवा माथेरान परवडते ते तिकडे जातात. ज्यांस पेन्शनीत भागवावे लागते त्यांनी काय करावे, या प्रश्नाचे आम्हांस सापडलेले उत्तर येथे वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

आम्ही चौघे मित्र. एक वकील, एक वैद्यबुवा, एक निवृत्त पोस्टमास्तर, आणि चौथे आम्ही, जन्मभर मुलांकडून शब्दरूपे पाठ करवून घेतलेले मास्तर. चाळीस वर्षांची ही संगत. यांपैकी पोस्टमास्तरांचे चिरंजीव इटली देशात मिलान शहरी नोकरीस आहेत. गतवर्षीचा उन्हाळा पोस्टमास्तरांनी तिकडे काढला आणि परत आल्यावर वर्षभर आम्हांस कोमो सरोवराचे वर्णन ऐकविले. मिलानपासून पन्नासएक किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत ते सरोवर आहे. पाणी निळीसारखे निळे, काठाकाठाने गावे, एका गावाहून दुसऱ्या गावास बोटीने जावे, मुलाच्या मित्रमंडळीत बसून पाव, चीज, टोमॅटो यांचा फराळ करावा, आणि जेवण कसे तर दोन-दोन तास चालणारे!

यंदा चैत्रात त्यांनी सांगितले की भिवंडीचे घर विकले, ज्येष्ठात कायमचेच जाणार. वकील म्हणाले, "मग त्यापूर्वी आमचे कोमो पाहून जा." बेत ठरला तो असा.

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने निघून अंबाडीस डावीकडे वळले की वज्रेश्वरी सुमारे पंचवीस किलोमीटरवर येते. आम्ही पहाटेची एसटी गाठली. गावाबाहेरची गुदामांची रांग संपेपर्यंत चित्त प्रसन्न होण्यासारखे काही नव्हते. पुढे मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांस बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागले, भाजावळ केलेली काळी शेते दिसू लागली, आणि खिडकीतून आत येणाऱ्या वाऱ्यास धुळीऐवजी पाल्याचा वास येऊ लागला. पोस्टमास्तर खिडकीशी बसले होते. त्यांनी वाटेत एक शब्दही काढला नाही.

वज्रेश्वरीचे देवालय एका लहान टेकडीवर असून दुरून पाहणाऱ्यास तो किल्लाच वाटतो. तसे वाटण्यास कारणही आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीस नवस केला आणि मे 1739 मध्ये वसई हाती आल्यावर हे देवालय बांधविले. बावन्न पायऱ्या चढून जावे लागते. वैद्यबुवांनी त्या एका दमात चढून दाखविल्या आणि पोस्टमास्तरांनी गुडघे धरून चार वेळा विसावा घेतला. पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "मास्तर, चाळीस वर्षांपूर्वी आपण येथे धावत चढलो होतो, आठवते?" आम्हांस आठवत होते. परंतु आम्ही उत्तर दिले ते असे: "आता तिकडे पायऱ्या कशाला चढाल? तिकडे लिफ्ट असेल." हे वाक्य आमच्या तोंडून का गेले, ते पुढे कळून येईल.

देवळापासून जवळच अकलोली आणि गणेशपुरी. तानसा नदीच्या काठी, कोठे पात्रातही, ऊन पाण्याचे झरे आहेत. ती दैत्यांच्या रक्ताची ऊब होय, असे येथील आख्यान सांगते. भूगर्भशास्त्र म्हणते की पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते, आणि दुसऱ्या भेगेने वर येते. इटलीत व्हेसुव्हिअस आणि एटना हे ज्वालामुखी आजही जागे आहेत. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो केव्हाच निवालेला. तेव्हा आपल्या कुंडांतील उष्णता ही ज्वालामुखीची नव्हे, खोलीची आहे. पाण्यास गंधकाचा किंचित दर्प येतो. प्रथम पाय ठेवताच ओढून घ्यावासा वाटतो, मग हळूहळू मानेपर्यंत उतरले म्हणजे बाहेर येववत नाही. गणेशपुरीस भीमेश्वराच्या देवळाजवळ कुंडे आहेत, आणि 1961 साली समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांच्या दर्शनास येणाऱ्यांची तेथे नित्य वर्दळ असते.

आता भोजनाविषयी. आमची उतरण्याची सोय एका परिचित गृहस्थांच्या घरी होती. सकाळी गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट, लोणकढे तूप आणि भाजलेला पोह्याचा पापड. दुपारी कोवळ्या फणसाची भाजी, आंब्याची डाळ, कोकमाचे सार आणि रायवळ आंब्यांचा रस. भात अर्थातच वाड्याचा कोलम. या तांदळास 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्याचा दाणा बारीक, मऊ आणि पचावयास हलका, ही गोष्ट आमच्या आजीस मानांकनावाचून ठाऊक होती. पोस्टमास्तर म्हणाले, "इटलीतही पो नदीच्या खोऱ्यात भात पिकतो. मिलानला केशर घालून मऊ भात करतात, त्यास रिसोत्तो म्हणतात. भाज्यांच्या पाण्यात शिजवून, सारखा ढवळून."

"म्हणजे केशरी गुरगुट्या भातच की!" वकील म्हणाले.

"तसेच. फक्त मेतकूट नाही."

सारे हसले. तेवढ्यात आम्ही पुन्हा बोललो, "मेतकुटावाचून ज्यांचे चालते त्यांचे चालते." या वेळी कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी तानसेच्या रानात गेलो. तेथील धरण 1892 साली पुरे झाले, आणि तेव्हापासून या डोंगरांवर पडणारा पाऊस मुंबईकरांच्या नळांस जातो. भोवतालचे अरण्य पुढे 1970 साली अभयारण्य झाले. साग, ऐन, खैर आणि बांबू यांचे ते रान. नामशेष झाला असे एके काळी मानलेला रानपिंगळा 2014 साली येथे आढळला. आम्हांस तो दिसला नाही. दिसली ती करवंदांची जाळी, काळ्याभोर फळांनी लवलेली. आम्ही सवयीप्रमाणे सांगू लागलो: करवंद म्हणजे करमर्द, मोह म्हणजे मधूक, फणस म्हणजे पनस, ताड म्हणजे ताल. वैद्यबुवा म्हणाले, "मास्तर, आधी खा, मग व्युत्पत्ती सांगा."

वाटेवर एक वृद्ध आदिवासी बाई पळसाच्या द्रोणांत करवंदे आणि टोपलीत ताडगोळे घेऊन बसली होती. आम्ही घासाघीस आरंभिली. पोस्टमास्तरांनी आमचा हात बाजूस सारला, मागितले तेवढे पैसे तिच्या हाती ठेवले आणि विचारले, "आजी, घरी कोण?" ती म्हणाली, "कोण नाय. पोरगा कल्याणला कामाला." त्यांनी नुसती मान हलविली आणि कितीतरी वेळ ते तिच्याजवळ बसून ताडगोळे सोलून खात होते.

सायंकाळी परवानगीच्या हद्दीत राहून, जेथून तलाव दिसतो तेथे आम्ही चौघे बसलो. पाणी उतरले होते, काठची माती उघडी पडली होती. तरीही पलीकडचे डोंगर त्या पाण्यात उलटे उभे राहिले आणि सूर्य मावळताना सारे तळे ताम्रवर्ण झाले, तेव्हा वकिलांनी पोस्टमास्तरांस विचारले, "सांगा आता, कोमो श्रेष्ठ की हे?"

पोस्टमास्तर म्हणाले, "कोमो सुंदर आहे. खोटे कशास बोलू? हे त्याच्यापुढे लहान आहे." मग थोड्या वेळाने ते आमच्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही दोन दिवस मला टोचून बोलत आहात. मी सुखाच्या मागे चाललो आहे असे तुम्हांस वाटते. ही जाऊन तीन वर्षे झाली. संध्याकाळी सातनंतर त्या घरात माझ्या आवाजाखेरीज आवाज नाही. घर विकावयाचे मनात आले तेव्हा मी तुम्हां तिघांस सांगितले होते. तुम्ही कागदपत्र पाहिलेत, वैद्यबुवांनी औषधांची यादी दिली, मास्तरांनी तिकडच्या थंडीविषयी सांगितले. 'राहा' असे कोणीही म्हणाले नाही. एकदा कोणी म्हटले असते, तर मी राहिलोच असतो असे नाही. पण ऐकावयाचे होते."

रानात रातकिडे बोलू लागले होते. आम्हांस शब्द सुचेना. मित्र जाणार याचे दुःख आम्ही महिनाभर रागाच्या रूपाने वागविले होते, हे त्या वेळी उमगले. आणि 'राहा' हा शब्द आता बोलून उपयोग नव्हता. घराचे खरेदीखत झाले होते, तिकीट हाती होते. तरी आम्ही तो बोललो. ते म्हणाले, "आता जावे लागेल. पण बरे झाले."

तिसऱ्या दिवशी परतताना वकिलांनी अंबाडीस उतरून पाच किलो कोलम घेतला, आमच्या घरून मेतकुटाची बरणी गेली, आणि वैद्यबुवांनी बाळहिरडे दिले. विमानाचे वजन भरेल म्हणून पोस्टमास्तरांनी दोन कोट मागे ठेविले, तांदूळ मात्र ठेविला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी तेथून छायाचित्र पाठविले. मागे निळे सरोवर, पुढे चिनी मातीच्या ताटलीत मऊ भात, त्यावर मेतकूट, आणि शेजारी चिरंजीवांचे दोन इटालियन मित्र चमचा हाती घेऊन थोड्या शंकित मुद्रेने बसलेले.

वाचकांपैकी कोणास तानसेकाठी जावयाचे असल्यास शनिवार-रविवार टाळावा, कारण कुंडांवर गर्दी होते. पहाटेची गाडी धरावी, करवंदांचा भाव करू नये, आणि बरोबर मित्र असतील तर त्यांच्याशी जे बोलावयाचे ते बोलण्यास तळ्याची वाट पाहू नये.