अर्ज वाचण्याचं काम

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप १९५२ पासून दिली जाते. पीएचडीच्या वाटेला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींना तीन वर्षं विद्यावेतन मिळतं, सध्या वर्षाला ३७ हजार डॉलर. विद्यापीठाला शुल्कापोटी वेगळे पैसे. ही फेलोशिप प्रकल्पाला नव्हे, माणसाला मिळते. उद्या त्या मुलीनं विषय बदलला, गाईड बदलला, रीतसर परवानगी घेऊन विद्यापीठही बदललं, तरी फेलोशिप तिच्याबरोबर जाते. परीक्षकाची अडचण इथूनच सुरू होते. हातात असतो दोन पानांचा संशोधन आराखडा, आणि यातलं निम्मं कधीच व्हायचं नाही, हे वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मग जोखायचं काय?

मी ओढ्या-नद्यांतल्या जीवांवर काम करते, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात शिकवते. ऐन हिवाळ्यात, सेमिस्टर संपून जरा श्वास घ्यावा तोवर अर्जांचा गठ्ठा येतो. गठ्ठा आपला सवयीनं म्हणायचा, असतात सगळ्या पीडीएफ. तीन पानांचं स्वतःविषयीचं निवेदन, तो दोन पानी आराखडा, गुणपत्रिका, शिफारसपत्रं. समास किंवा टंक नियमाबाहेर गेला तर अर्ज न वाचताच परत जातो, त्यामुळे दिसायला सगळे सारखेच. निकष दोन: बौद्धिक गुणवत्ता आणि समाजाला होणारा व्यापक उपयोग. ‘एक्सलंट’पासून ‘पुअर’पर्यंत पाच श्रेणी. माझी आई पुण्यात बोर्डाचे पेपर तपासायची. तिच्याजवळ नमुना उत्तरं असायची, अर्ध्या मार्काचाही हिशेब लागायचा. इथे तशी सोय नाही.

निवेदन मी शेवटी वाचते. बहुतेकांची सुरुवात लहानपणच्या दुर्बिणीनं, नाहीतर आजीच्या आजारपणानं होते. त्यात त्यांचा दोष नाही. असंच लिहायचं असतं, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. श्रीमंत विद्यापीठांत तर असले अर्ज घासूनपुसून द्यायला स्वतंत्र कचेरी असते. म्हणून फार गुळगुळीत निवेदन वाचलं की मला त्या मुलापेक्षा त्याच्या कॉलेजचीच जास्त माहिती मिळते.

शिफारसपत्रांचंही तेच. ‘गेल्या दहा वर्षांतली सर्वोत्तम विद्यार्थिनी’ हे वाक्य इतक्या पत्रांत असतं की ते डोळ्यांना दिसेनासं होतं. एका छोट्या कॉलेजातल्या शिक्षकाचं पत्र मात्र लक्षात राहिलंय. अर्जातलं बाहेर सांगायचं नसतं, तेव्हा तपशील थोडा फिरवून सांगते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचं मीटर नेहमीपेक्षा कमी आकडे दाखवत होतं. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतले. या मुलीनं त्याच पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून जुन्या विंकलर पद्धतीनं टायट्रेशन केलं, आणि मीटरच्या टोकाचा पडदा फाटलाय हे शोधून काढलं. पत्रात विशेषण एकही नव्हतं. गुणपत्रिकेत दोन ‘सी’ होते, ते मी पाहिले आणि पुढे गेले.

आराखड्यात मी एकच गोष्ट शोधते: अंदाज चुकला तर काय, याची सोय केलीय का? एकाचा विषय होता रस्त्यावरचं मीठ. इथे बर्फ वितळवायला हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते ओढ्यात उतरतं, क्लोराइड वाढतं, आणि मेफ्लायच्या अळ्यांसारखे नाजूक जीव कमी होतात. रस्त्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला नमुने घेणार, एवढाच साधा बेत. पण पुढे त्यानं लिहिलं होतं, की खालच्या अंगाला झाडं तोडलेली आहेत, तिथलं पाणी तापतं, तेव्हा अळ्या उष्णतेनंही कमी झाल्या असतील. म्हणून टाक्यांमध्ये मीठ आणि तापमान वेगवेगळं बदलून पाहीन, आणि मीठ निर्दोष ठरलं तर तेच छापीन. दुसऱ्या एका अर्जात दोन पानांत पाच उद्दिष्टं कोंबली होती: जनुकक्रम, उपग्रहचित्रं, मशीन लर्निंग, सगळं काही. चुकायला जागाच ठेवलेली नव्हती.

आधी सगळे स्वतंत्रपणे श्रेणी देतात. मग व्हिडिओवर पॅनेल भरतं, आणि जिथे मतं फार लांब गेली असतील त्या अर्जांवर बोलणं होतं. मिठाच्या अर्जाला एका सहपरीक्षकांनी ‘गुड’ दिलं होतं. त्यांचं म्हणणं, प्रश्न लहान आहे. मी टाक्यांचा परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी एक पायरी वर नेली, त्याहून नाही. प्रश्न लहान होताच. बावीस वर्षांच्या मुलानं आवाक्यातला प्रश्न निवडला तर मला ते शहाणपण वाटतं, त्यांना वाटत नाही.

निवडले जाणारे एरवीही थोडे. अर्ज दहा हजारांच्या वर, फेलोशिपा साधारण दोन हजार. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर एक हजारच जाहीर झाल्या, आणखी पाचशे जूनमध्ये. तेव्हा परीक्षकाचं खरं लिखाण न निवडलेल्यांसाठी असतं, कारण निकालानंतर आमच्या टिपण्या त्यांना वाचायला मिळतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी अर्ज करणाऱ्याला पीएचडीत गेल्यावर पुन्हा एकदा संधी असते. त्याला ‘उत्तम अर्ज, शुभेच्छा’ लिहून काय उपयोग? पाच उद्दिष्टांच्या अर्जाखाली मी लिहिलं: चौथं तेवढं ठेवा, त्यात प्रश्न आहे. बाकीच्या चारांत नुसती साधनं आहेत. आणि उत्तर उलटं आलं तर काय कराल, ते तीन ओळींत लिहा, जागा होईल.